प्रयोगशाळेपासून टिपरपर्यंत : वाहनाच्या वायरिंगमधील संशोधन आणि बाजार यांविषयी एक संवाद

वाहनाचे इंजिन, बॅटरी आणि मायलेज यांविषयी पुष्कळ लिहिले जाते. परंतु बॅटरीतील प्रवाह दिव्यांपर्यंत, स्टार्टरपर्यंत, पंपांपर्यंत आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रकांपर्यंत पोचवणारी वायरिंग बंद पडल्याशिवाय तिची आठवण कोणाला होत नाही. कारखान्यात या वायरी सुट्या बसवत नाहीत. वाहनाच्या मापानुसार खुंट्या ठोकलेल्या लांबरुंद फळ्यावर त्या एकेक करून अंथरल्या जातात, टोकांवर धातूची टर्मिनल दाबून (क्रिंप करून) बसवली जातात, टर्मिनल प्लास्टिकच्या कपलरमध्ये खोचली जातात आणि सगळा जुडगा टेप व नळ्यांनी बांधला जातो. या तयार जुडग्याला हार्नेस म्हणतात. हे काम आजही बव्हंशी माणसांच्या हातांनीच होते, आणि त्याचे महत्त्व किती आहे हे २०२२ मध्ये जगाला दिसले : युद्धामुळे युक्रेनमधील हार्नेसचे कारखाने थांबले, तेव्हा फोक्सवॅगन आणि बीएमडब्ल्यू यांना जर्मनीतील आपले काही कारखाने काही काळ बंद ठेवावे लागले.

महाराष्ट्रात हा उद्योग मुख्यतः पुणे आणि छत्रपती संभाजीनगर या पट्ट्यांत वाढला. चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांच्या वाट्याला त्याची दुसरी बाजू आली आहे. दुर्गापूर, पद्मापूर, सास्ती येथील खुल्या कोळसा खाणींतले टिपर, एटापल्ली तालुक्यातील सुरजागडचे लोहखनिज वाहणारे ट्रक, आलापल्लीहून भामरागडकडे जाणारी एसटी आणि दुर्गम आरोग्य केंद्रांच्या रुग्णवाहिका यांच्या वायरिंगला येथे उन्हाळ्यात ४५ अंशांपलीकडचे तापमान, कोळशाची बारीक धूळ, खड्ड्यांचे हादरे आणि पावसाळ्यातील दीर्घ ओल हे सारे एकाच वर्षात सोसावे लागते. वायरिंगविषयीचे नवे संशोधन बाजारात कसे न्यावे, हा प्रश्न म्हणूनच या जिल्ह्यांतून वेगळा दिसतो.

पुढील संवादात दोन भूमिका समोरासमोर ठेवल्या आहेत. पहिली अभियांत्रिकी महाविद्यालयात धातुविज्ञान शिकवणाऱ्या प्राध्यापकाची, दुसरी चंद्रपूरजवळच्या पडोलीत मालवाहू गाड्यांची वायरिंग दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीची. दोन्ही पात्रे प्रातिनिधिक आहेत. चर्चेसाठी घेतलेले संशोधनही तसेच आहे : तांब्याऐवजी अ‍ॅल्युमिनियमची वायर वापरता यावी म्हणून तिचा टर्मिनलशी होणारा सांधा ओलाव्यापासून कायमचा बंद करणारी एक नवी पद्धत, जिचे तत्त्व प्रयोगशाळेतील नमुन्यांवर सिद्ध झाले आहे, पण जी त्यापुढे अद्याप गेलेली नाही. हा विषय विदर्भाला परका नाही, कारण अ‍ॅल्युमिनियमवर संशोधन करणारे केंद्र सरकारचे जवाहरलाल नेहरू केंद्र १९८९ पासून नागपुरातच आहे.

सांधा कुठे तुटतो

प्राध्यापक : भाऊ, हिशेब आधी धातूंचा मांडू. १ चौरस मिलिमीटर छेदाची १० मीटर तांब्याची वायर सुमारे ९० ग्रॅम भरते. तेवढाच विरोध ठेवायचा तर अ‍ॅल्युमिनियमची वायर १.६ पट छेदाची घ्यावी लागते, कारण त्याची वाहकता तांब्याच्या ६१ टक्क्यांच्या आसपास आहे. पण घनता तांब्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी असल्यामुळे ही जाड वायरही सुमारे ४४ ग्रॅमच भरते. म्हणजे वजन निम्म्यावर येते. शिवाय तांब्याचा दर गेली अनेक वर्षे अ‍ॅल्युमिनियमच्या तिपटीहून अधिक राहिला आहे, आणि २०१८ मध्ये तुतिकोरिनचा तांबे-शुद्धीकरणाचा कारखाना बंद झाल्यापासून शुद्ध तांब्यासाठी देशाला आयातीवरही अवलंबून राहावे लागते. विजेवर चालणाऱ्या वाहनात प्रत्येक किलो वजन मोजले जाते, तेव्हा हे संशोधन लवकर बाजारात जावे असे म्हणण्यात गैर काय?

मिस्त्री : गैर काहीच नाही, सर. पण हा हिशेब वायरीच्या लांबीचा झाला, आणि गाडी लांबीत बंद पडत नाही, सांध्यात बंद पडते. टिपरच्या मागच्या दिव्याचा कपलर उघडला की आत काळी धूळ ओली होऊन बसलेली असते, तांब्याच्या तारांवर हिरवा गंज चढलेला असतो आणि क्रिंप जिथे संपतो त्या काठावर तारा एकेक करून तुटलेल्या असतात. टर्मिनलने घट्ट धरलेला भाग हलत नाही, पुढचा भाग हादऱ्याने हलत राहतो, म्हणून तुटते ती त्याच काठावर. तांब्याची ही गत, तर त्याहून मऊ अ‍ॅल्युमिनियमची काय होईल?

प्राध्यापक : धोका त्याहूनही मोठा आहे, हे मान्य करावेच लागेल. अ‍ॅल्युमिनियमवर हवेत क्षणात ऑक्साइडचा पातळ थर धरतो आणि तो वीज जाऊ देत नाही. दाबाखाली हा धातू हळूहळू सरकत जातो, त्यामुळे सांध्याची पकड सैल होते. आणि सर्वांत वाईट म्हणजे तांब्याच्या टर्मिनलला भिडलेल्या अ‍ॅल्युमिनियमवर ओल आली की तिथे एक लहानशी बॅटरीच तयार होते. अ‍ॅल्युमिनियमचे प्रमाण विद्युत्-विभव उणे १.६६ व्होल्ट आणि तांब्याचे अधिक ०.३४ व्होल्ट, अशा जोडीत अ‍ॅल्युमिनियम झिजत जाते आणि मागे पांढरी भुकटी उरते. पण हे अडथळे ओलांडता येतात. जपानच्या फुरुकावा कंपनीने तारांचे टोक पूर्ण झाकणारे, लेसरने जोडून बंद केलेले नळीसारखे टर्मिनल तयार केले आणि जपानी मोटारींत अशा वायरी धावू लागल्या. येथील पद्धत त्याच दिशेची, पण कमी खर्चाची आहे.

नऊ पायऱ्या आणि एक राहिलेली

नव्या तंत्रज्ञानाची परिपक्वता मोजण्यासाठी जगभर एक शिडी वापरली जाते. अमेरिकेच्या नासा या संस्थेत १९७० च्या दशकात तिची कल्पना पुढे आली आणि नंतर तिच्या ९ पायऱ्या रूढ झाल्या. पहिल्या तीन पायऱ्यांवर तत्त्व सिद्ध होते, चौथीवर सुटा भाग प्रयोगशाळेत चालून दाखवतो, पाचवी-सहावीवर तो प्रत्यक्षासारख्या परिस्थितीत तपासला जातो, सातवीवर नमुना खऱ्या वापरात उतरतो आणि शेवटच्या दोन पायऱ्यांवर पूर्ण उत्पादन प्रमाणित होऊन कामाला लागते. संवादाचा पुढचा भाग या शिडीभोवती फिरतो.

प्राध्यापक : या शिडीवर घाई चालत नाही, हे इतिहासच सांगतो. प्रत्येक दिव्याला आणि यंत्राला वेगळी वायर ओढण्याऐवजी दोन वायरींच्या एकाच जोडीवरून सर्व नियंत्रकांनी आळीपाळीने संदेश पाठवावेत, ही कॅन नावाची पद्धत बॉश कंपनीने १९८३ मध्ये विकसित करायला घेतली. ती १९८६ मध्ये जाहीर झाली, मर्सिडीजच्या मोटारीत १९९० च्या दशकाच्या आरंभी आली आणि १९९३ मध्ये तिचे आंतरराष्ट्रीय मानक निघाले. बॉशजवळ पैसा होता, माणसे होती, गिऱ्हाईक ठरलेले होते, तरीही इतका काळ लागला. जिल्ह्यातल्या महाविद्यालयाला तर याहून अधिक धीर धरावा लागेल. उलट नियम तयार नसताना बाजारात उतरलेल्या वस्तूचे काय होते, हे पुण्यानेच पाहिले आहे. केपीआयटी कमिन्सने २०१० मध्ये ‘रेव्होलो’ हा जुन्या मोटारीला हायब्रिड करणारा संच जाहीर केला, भारत फोर्जसारखा भागीदार मिळवला. पण वापरातल्या गाड्यांवर असा संच बसवण्याची नियमावली तेव्हा तयार नव्हती, आणि तो सामान्य मोटारमालकापर्यंत कधी पोचला नाही.

मिस्त्री : त्या शिडीत एक पायरी राहून गेली आहे, सर. वस्तू बिघडल्यावर ती कोण, कुठे आणि कशाने दुरुस्त करणार, हे त्या ९ पायऱ्यांत कुठे विचारले आहे? गडचिरोलीतील सिरोंच्याच्या रस्त्यावर वायर तुटली तर ड्रायव्हर किंवा जवळचा मिस्त्री दोन टोके सोलतो, एकमेकांत पिळतो, वरून टेप मारतो आणि गाडी पुढे काढतो. तांब्याची वायर हे सोसते. अ‍ॅल्युमिनियमला नेहमीचे डाख धरत नाही, आणि त्याच्यावर तांब्याचा तुकडा पिळला तर पहिल्या पावसातच तो सांधा तापायला लागेल. कारखान्यातून निघालेला सांधा कितीही पक्का असो, गाडी पाच वर्षांची होईपर्यंत तिच्यात मिस्त्रीच्या हातचे सांधे झालेलेच असतात. तपासायचे तर ते तपासा.

प्राध्यापक : या मुद्द्याला इतिहासाचा आधार आहे, आणि तो संशोधकांनी विसरू नये असाच आहे. तांबे महागले तेव्हा १९६५ ते १९७३ या काळात अमेरिकेत लाखो घरांना अ‍ॅल्युमिनियमची वायरिंग केली गेली. धातूची वाहकता गणिताप्रमाणेच होती; आगी लागल्या त्या स्विच आणि सॉकेटच्या सांध्यांपाशी, कारण तिथली साधने आणि जोडणाऱ्यांची सवय तांब्याची होती. पण भाऊ, प्रत्येक वस्तू आज हाताशी असलेल्या पकडीने दुरुस्त व्हावी अशी अट घातली असती, तर इलेक्ट्रॉनिक इंधन-पुरवठाही आला नसता आणि कॅनही आले नसते. मिस्त्री नव्या गोष्टी शिकतात, हे पडोलीतच दिसते.

मिस्त्री : शिकतात, पण शिकवणारा आणि साधन दोन्ही मिळाले तर. इंधन-पुरवठ्याचा स्कॅनर बाजारात आला तेव्हा मिस्त्रींनी कर्ज काढून घेतला, कारण त्याच्याशिवाय गाडी सुरूच होत नव्हती. वायरीचे तसे नाही. चुकीचा सांधाही आज दिवा लावून दाखवतो आणि सहा महिन्यांनी पेट घेतो. म्हणून दुरुस्तीचा तुकडा वायरीबरोबरच विकला पाहिजे : एका टोकाला कारखान्यात बंद केलेला अ‍ॅल्युमिनियमचा सांधा, दुसऱ्या टोकाला तांब्याची शेपटी. तुटलेला भाग कपलरपासून काढायचा, हा तुकडा बसवायचा, आणि पुढचे काम तांब्याचे. आणि अ‍ॅल्युमिनियमच्या वायरीचा रंग किंवा पट्टा असा वेगळा हवा की रात्री बॅटरीच्या उजेडातही ओळखू यावी.

प्राध्यापक : ही सूचना मूळ संशोधनाइतकीच मोलाची आहे.

चाचणी कोणाच्या गाडीवर

प्राध्यापक : मग चाचणीसाठी हे दोन जिल्हे आदर्शच म्हणायचे. प्रयोगशाळेत क्षारयुक्त फवारा, उष्णतेची चक्रे आणि कंपन या चाचण्या वेगवेगळ्या कराव्या लागतात. येथे धूळ, ऊन, ओल आणि हादरे एकत्र मिळतात, आणि खराबी कशी येते हे त्या एकत्र येण्यातूनच कळते. परदेशात वायरीच्या आवरणात सोयाबीनपासून मिळणारे घटक वापरले गेले, तेव्हा उंदीर त्या वायरी अधिक कुरतडतात असे सांगत अमेरिकेतील मोटारमालकांनी कंपन्यांवर दावे लावले. दावे खरे-खोटे ठरवणे न्यायालयाचे काम. पण असा प्रश्न कोणत्याही क्षारफवाऱ्यात उद्भवला नसता. एसटी आणि रुग्णवाहिकांपासून खनिजाच्या ट्रकपर्यंत सर्वत्र नमुने बसवले तर दोन पावसाळ्यांत जे कळेल ते एरवी दहा वर्षांत कळणार नाही.

मिस्त्री : येथेच सर्वांत मोठा मतभेद आहे, सर. पावसाळ्यात पर्लकोटा नदीच्या पुलावरून पाणी गेले की भामरागडचा रस्ता बंद होतो. अशा वाटेवर रुग्णवाहिकेतल्या बाईला किंवा एसटीतल्या प्रवाशाला दुसरी गाडी निवडता येत नाही. ज्याला नकार देता येत नाही त्याच्यावर चाचणी करू नये. जंगलातले जिल्हे लांबचे आहेत, तिथले लोक तक्रार करत नाहीत, म्हणून ते सोयीचे, असा अर्थ कोणी काढला तर ते संशोधन नव्हे.

प्राध्यापक : आक्षेप मान्य. पण तो टोकाला नेला तर दुर्गम भागासाठी बनवलेली वस्तूही शहरात तपासली जाईल आणि भामरागडला पोचेपर्यंत तिचे खरे दोष झाकलेलेच राहतील. आजवर हेच होत आले आहे. मार्ग सर्किटच्या निवडीत शोधावा. ब्रेक, स्टिअरिंग आणि इंजिनाचे नियंत्रण यांना हात लावायचा नाही. केबिनचा दिवा, ट्रॉलीचे दिवे अशा जागी सुरुवात करायची, जुनी तांब्याची वायर बाजूला तशीच ठेवायची आणि प्रत्येक नव्या सर्किटला स्वतंत्र फ्यूज द्यायचा. पहिल्या गाड्या खाणीच्या हद्दीत फिरणाऱ्या, जिथे देखभालीचे वेळापत्रक पक्के असते आणि यंत्रांच्या सुरक्षेवर खाण सुरक्षा महासंचालनालयाची देखरेख असते.

मिस्त्री : आणि गाडी उभी राहिली तर? एकच टिपर असलेल्या मालकाचा हप्ता थांबत नाही. उभ्या दिवसाची भरपाई कागदावर आधी लिहिली पाहिजे, विमा कंपनीला आधी कळवले पाहिजे. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची बंधने आहेत. उद्या अपघात झाला आणि वायरिंग बदललेली निघाली, तर जबाबदार मालक ठरेल, महाविद्यालय नव्हे.

नाव, पैसा आणि कारखाना

संशोधन बाजारात जाते तेव्हा त्याची मालकी हा प्रश्न उशिरा विचारला जातो, आणि उशीर झाला की तो सुटत नाही. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यानुसार पेटंटची मुदत अर्जापासून २० वर्षांची असते, पण शोध त्याआधी जगजाहीर झालेला नसावा लागतो. पदोन्नतीसाठी शोधनिबंध आधी छापणारे प्राध्यापक हा हक्क बहुधा स्वतःच गमावतात. शैक्षणिक संस्थांना २०२१ पासून पेटंटच्या शुल्कात ८० टक्के सवलत आहे, त्यामुळे खर्च हे कारण आता पूर्वीइतके सबळ राहिलेले नाही.

मिस्त्री : दुरुस्तीच्या तुकड्याची कल्पना अर्जात आली, तर शोधक म्हणून नाव कोणाचे?

प्राध्यापक : कायदा पदवी विचारत नाही. ज्याच्या विचारातून शोधाचा भाग निघाला तो शोधक. तुमचे नाव अर्जात आले पाहिजे.

मिस्त्री : मग नावाबरोबर माहितीच्या मालकीचाही प्रश्न येतो, आणि त्यासाठी गडचिरोलीकडून एक धडा घेता येईल. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये ग्रामसभेच्या हाती बांबूच्या वाहतुकीचे परवाने आले, तेव्हापासून बांबू कोणाला आणि कोणत्या अटीवर विकायचा हे गाव ठरवू लागले. बिघाडाची माहिती हीसुद्धा या जिल्ह्यांची मिळकतच आहे. ती मोफत उचलून पुण्याला नेऊ नये.

प्राध्यापक : माहितीची मालकी येथे राहावी, हे योग्यच. पण उत्पादन येथेच व्हावे हा हट्ट संशोधनाला मारक ठरेल. वाहन कंपन्या वर्षानुवर्षे पारखलेल्या पुरवठादारांकडूनच हार्नेस घेतात. दर्जाची कडक प्रमाणपत्रे, क्रिंपची उंची मायक्रोमीटरने मोजणारी, तार ओढून तिची पकड तपासणारी यंत्रणा आणि मोठे भांडवल लागते. पुण्याच्या किंवा संभाजीनगरच्या मोठ्या कारखान्याला परवाना देऊन स्वामित्वधन घेणे हाच खात्रीचा मार्ग आहे. भांडवलाचीही सोय होत आहे : केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये मंजूर केलेली १ लाख कोटी रुपयांची संशोधन, विकास आणि नवोन्मेष योजना चौथ्या पायरीपासून पुढच्या प्रकल्पांसाठी आहे.

मिस्त्री : नव्या गाडीचा बाजार मोठ्या कारखान्याचा, हे खरे. पण जुन्या टिपरची वायरिंग बदलण्याचा बाजार दर पावसाळ्यानंतर येथेच उघडतो, आणि त्यासाठी फळा, खुंट्या, क्रिंपिंगचे चांगले यंत्र आणि शिकलेले हात एवढेच लागते. गडचिरोलीच्या मुली हे काम पुण्यात जाऊन करू शकतात, तर चंद्रपूरजवळच्या ताडाळीच्या एमआयडीसीत का नाही? आणि योजना चौथ्या पायरीपासून सुरू होत असेल, तर तिसरीवरून चौथीवर चढायला हात कोण देणार?

मतभेदांतून निघणारा मार्ग

या शेवटच्या प्रश्नावर दोन्ही भूमिका एक होत नाहीत, आणि त्या एक झाल्याचा देखावा करण्याचे कारणही नाही. मोठ्या कारखान्याला परवाना दिल्याने तंत्र दूरवर पोचेल, तर स्थानिक उत्पादनाने ते सुधारत राहील; पहिल्या वर्षांत दोन्ही वाटा खुल्या ठेवणारा, म्हणजे दुरुस्ती-बाजाराचे हक्क जिल्ह्यासाठी राखून नव्या वाहनांसाठीचा परवाना बाहेर देणारा करार शक्य आहे, आणि तो वाटाघाटींना बसण्यापूर्वीच लिहून ठेवला पाहिजे.

मात्र एका बाबतीत मिस्त्रीची बाजू निर्णायक ठरते, असे या चर्चेअंती म्हणावे लागते. प्रयोगशाळेतील संशोधन बाजारापर्यंत न पोचण्याचे कारण म्हणून पैशाची टंचाई नेहमी पुढे केली जाते आणि ती खरीही आहे. पण वायरिंगसारख्या वस्तूत, जिचे आयुष्य तिच्या सांध्यांवर अवलंबून असते, त्याहून खोल उणीव बिघाडाच्या ज्ञानाची असते. हे ज्ञान पडोलीच्या गॅरेजांत, एसटीच्या आगारांत आणि खाणींच्या कार्यशाळांत रोज जमा होते आणि तुटका कपलर भंगारात गेला की त्याच्याबरोबर नष्ट होते. अमेरिकेतील घरांच्या अनुभवाने जे सिद्ध केले तेच येथे लागू पडते : जोडणी आणि दुरुस्ती करणाऱ्या हातांचा विचार न केलेले तंत्र प्रयोगशाळेत निर्दोष असूनही घराघरांत धोकादायक ठरते.

म्हणून पहिले पाऊल मोठ्या निधीची वाट न पाहता उचलता येईल असे आहे. चंद्रपूरचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आणि गडचिरोलीचे गोंडवाना विद्यापीठ यांनी काही गॅरेजे व आगारे यांच्याशी लेखी करार करून बिघाडाची सामाईक नोंदवही सुरू करावी. निकामी झालेला प्रत्येक सांधा फेकून न देता त्याच्यावर गाडीचा प्रकार, सर्किट, जागा, महिना आणि आधी झालेली दुरुस्ती लिहून तो विकत घ्यावा. महाविद्यालयात तो कापून सूक्ष्मदर्शकाखाली तपासावा. आणि निष्कर्ष ज्याने सांधा दिला त्याला त्याच्या भाषेत परत कळवावा. अशा नोंदवहीतून तिसऱ्या पायरीवरील संशोधनाला नेमका कोणता दोष सोडवायचा हे कळेल, चौथ्या पायरीची चाचणी कशी आखायची हे ठरेल, आणि परवाना मागायला येणाऱ्या कारखान्यासमोर ठेवायला या जिल्ह्यांकडे असे काही असेल जे त्याला पैसे देऊनही दुसरीकडे मिळणार नाही. सवलत मागणारा जिल्हा आणि अट घालणारा जिल्हा यांत जो फरक आहे, तो या नोंदवहीपासून पडू शकतो.